कंपनीची सीडी लागते, घरी राइट केलेली लागत नाही

दसरा झाला अन् आबाजींनी पेटीतून डिस्कांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आश्विन वद्य पंचमीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, मोझरीचा महोत्सव तोंडावर आलेला, आमचं गाव तिवसा तालुक्यात म्हणजे गुरुकुंज, महाराजांचा मोझरीचा आश्रम, अगदी जवळ, त्यामुळे या दिवसांत आबाजींना दुसरं काही सुचतच नाही. २००९ साली आमच्या गावच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनाचं शूटिंग झालं होतं, तीन डीव्हीडी, अन् त्यात खंजरीवर आबाजी. आता हात थरथरतात, खंजरी खुंटीला आहे. "एकडाव पाह्यतो म्हणलं, लाव बरं," एवढंच बोलले.

लॅपटॉपमध्ये लावली. ड्राइव्ह घर्र करून फिरली, थांबली, परत फिरली, आतून टक टक आवाज, लाइट लुकलुक, अन् मिनिटभराने स्क्रीनवर 'प्लीज इन्सर्ट अ डिस्क'. दुसरी टाकली, तिसरी टाकली, तेच. मग मी २०१० मध्ये जुन्या कॉम्प्युटरवर भजनाच्या एमपीथ्री टाकून ठेवल्या होत्या त्या दोन सीडी होत्या, त्याही नाही. वैतागून दुकानातून विकत घेतलेली भजनांची सीडी टाकली तर ती पहिल्याच झटक्यात सुरू! आबाजी बाजूला खुर्चीवर बसून होते. "हे लागते तं ते काहून नाही लागत?" म्हणाले. प्रश्न बरोबर होता, अन् खरं सांगतो, पुढचे आठ दिवस मी याच प्रश्नाचं उत्तर शोधून राहिलो होतो.

तालुक्याला ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, ड्राइव्ह गेली, नवीन टाका, नाहीतर आता सीडी कोण वापरते, सोडून द्या. मला हे पटत नव्हतं. मेलेली ड्राइव्ह एक सीडी वाचते अन् दुसरी नाही असं कसं करेल? अन् सोडून कसं द्यायचं, त्या भजनातली निम्मी माणसं आता नाहीत.

तर आधी हे समजून घ्या की दोन्ही डिस्का दिसायला सारख्या असल्या तरी वस्तू वेगळ्या आहेत. कंपनीतून छापून आलेली डिस्क म्हणजे साच्यात दाबलेलं प्लास्टिक, त्यात बारीक बारीक खड्डे, वरून अॅल्युमिनियमचा चकचकीत मुलामा. लेझरचा उजेड त्यावरून जोरात परत येतो. आपण घरी राइट करतो त्या डिस्कमध्ये खड्डे नसतात, एक रंगाचा थर असतो अन् राइट करताना लेझर तो जागोजागी भाजतो, भाजलेलं अन् न भाजलेलं यातला फरक हाच आपला डेटा. त्यात उजेड कमी परत येतो, अन् आरडब्ल्यू म्हणजे पुसून परत लिहायच्या सीडीवरून तर फक्त १५ ते २५ टक्केच. बहुतेक वेळा ओळखायचं सोपं आहे, डिस्क उलटी करून पाहा, छापलेली असेल तर खालून चांदीसारखी पांढरी, राइट केलेली असेल तर निळसर, हिरवट नाहीतर जांभळी. म्हणजे ड्राइव्हची नजर थोडी जरी मंदावली तरी छापलेली वाचता येते, राइट केलेली नाही. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला दुकानाची पाटी दिसते पण सातबारा वाचता येत नाही, तसं.

दुसरी गोष्ट, सीडी अन् डीव्हीडीला लेझर वेगवेगळा असतो. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, तो डोळ्याला दिसत नाही, अन् डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा लाल. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात अन् त्यातला एकच जाऊ शकतो. म्हणून मी चार डिस्का घेतल्या, छापलेली सीडी, छापलेली डीव्हीडी (ती एका पुस्तकासोबत आलेली होती), राइट केलेली सीडी अन् राइट केलेली डीव्हीडी. फक्त सीडी गेल्या असत्या तर सीडीचा लेझर गेला म्हटलं असतं. पण माझ्याकडे छापलेल्या दोन्ही लागत होत्या अन् राइट केलेल्या दोन्ही नाही. म्हणजे दोन्ही लेझर जिवंत, अन् दोघांमध्ये सामाईक काय तर वरची भिंग, ती बहुतेक ड्राइव्हमध्ये एकच असते. माझा संशय तिथेच गेला पाहिजे होता, पण नाही गेला.

कारण अमरावतीचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, रजिस्ट्रीमधून अपरफिल्टर्स अन् लोअरफिल्टर्स उडवा, झटक्यात होते." रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, अन् हे फिल्टर्स म्हणजे ड्राइव्हसंबंधी तिच्यातल्या दोन नोंदी. नेटवरही सगळे तेच सांगतात. मी उडवले, रीस्टार्ट केलं, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून परत घेतली, अर्धा दिवस गेला अन् फरक शून्य. हे ठासून सांगतो कारण खूप जण इथेच अडकतात, तो रजिस्ट्रीचा उपाय खोटा नाही पण तो वेगळ्या आजाराचा आहे, त्यात ड्राइव्ह माय कॉम्प्युटरमधून गायबच होते किंवा पिवळं चिन्ह येते. ड्राइव्ह दिसते आहे, छापलेली डिस्क वाचते आहे, तर तिकडे हात लावायची गरज नाही. सॉफ्टवेअरचा दोष आहे का हे पाहायचा खरा मार्ग म्हणजे पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, इन्स्टॉल न करता. मी केला. तिथेही राइट केलेली डिस्क लागली नाही. झालं, विंडोज सुटला.

अजून एक. अशा वेळी विंडोज कधी कधी म्हणते डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करायची का, नाहीतर राइट करायची का. हो म्हणू नका हात जोडून सांगतो. डिस्क रिकामी नसते, ड्राइव्हला फक्त ती दिसत नसते.

मग रात्री लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली यू-पिन घालून ट्रे बाहेर ओढला. लॅपटॉपच्या ड्राइव्हचं हे बरं असते की भिंग ट्रेसोबतच बाहेर येते, डेस्कटॉपच्या ड्राइव्हसारखं खोलावं लागत नाही. मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. ज्वारीच्या दाण्याएवढी निळसर भिंग, अन् तिच्यावर कापसाचा एक तंतू. एकच, वाकडा, कडेकडेने चिकटलेला, अन् त्याच्याभोवती धुळीची पांढुरकी साय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा लॅपटॉप मधल्या खोलीत असते अन् वेचणी सुरू झाली की भाव वाढेपर्यंत, कधी कधी तर पार मार्चपर्यंत, आमचा कापूस त्याच खोलीत छतापर्यंत भरलेला असते. रुईचे तंतू भाकरीत येतात, अंथरुणात येतात, तर ड्राइव्हमध्ये येणारच. आमच्याकडच्या किती घरांतल्या ड्राइव्ह अशाच 'गेल्या' म्हणून भंगारात गेल्या असतील.

पुसायचं कसं ते नीट सांगतो, घाई केली तर भिंग हातची जाते कारण ती बारीक तारांवर तरंगती असते. आधी कॅमेरा साफ करायचा रबरी पंप, त्याने हवा मारायची, तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. तंतू हवेनेच उडाला. मग मोबाईल रिपेअरवाल्याकडून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते लोक त्याला आयपीए म्हणतात, कान साफ करायच्या नव्या बडला अगदी ओलसर लावायचं, टपकता कामा नये, अन् भिंगेवर वजन न देता एक फेरी. मग कोरड्या बडने एक फेरी. पेट्रोल, अत्तर, सॅनिटायझर, चष्म्याचं पाणी, काही नको. पंधरा मिनिटं ट्रे उघडा ठेवून वाळू दिला.

पहिली डीव्हीडी टाकली. घर्र... अन् फोल्डर उघडलं. रात्रीचे अकरा वाजले होते, आबाजी झोपले होते, मी त्यांना उठवलं नाही. आधी अख्खी डिस्क हार्डडिस्कवर कॉपी केली अन् मगच लावून पाहिली. जुनी डिस्क लागली की आधी कॉपी, आनंद नंतर, कारण ती परत लागेलच याची हमी कोणी देत नाही.

दुसरीही झाली. तिसरी मात्र लागली अन् कॉपी करताना शेवटाकडे येऊन अडकली. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते म्हणून शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असते अन् हात नेमका तिथेच लागतो, बोटांचे डाग, ओरखडे सगळे तिकडे. साध्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुतली, मऊ सुती कपड्याने मधून बाहेर सरळ पुसली, गोल गोल पुसायचं नाही, गोल ओरखडा पडला तर सलग डेटा जाते. थोडी पुढे सरकली. मग लिनक्समधलं डीडीरेस्क्यू लावलं, ते खराब जागा सोडून आधी चांगला भाग काढून घेते अन् मग खराब जागेवर परत परत प्रयत्न करते. रात्रभर चाललं. सकाळी शेवटच्या भजनाची चार-एक मिनिटं सोडून सगळं हाती आलं होतं.

राहिल्या माझ्या दोन सीडी. भिंग साफ झाल्यावरही पहिली रिकामीच दाखवत होती. इम्गबर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्क टाकली की उजवीकडे तिची सगळी माहिती येते, तिथे स्टेटस आलं 'इन्कम्प्लीट'. म्हणजे ड्राइव्हला डिस्क दिसत होती, डिस्कच बंद केलेली नव्हती. अन् मला आठवलं. २०१० मध्ये विंडोज ७ वर राइट करताना ते विचारायचं, पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेअरसाठी, मी सोपं म्हणून पेनड्राइव्हसारखी निवडायचो. त्या प्रकारात डिस्क बाहेर काढताना विंडोज सेशन बंद करते, म्हणजे लिहिणं संपल्याची नोंद डिस्कवर करते, अन् मगच ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येते. अन् तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग. सीडी बाहेर काढायची बटण दाबली अन् लाइट गेली असं कितीदा झालं असेल, सेशन उघडंच राहिलं.

उघडी राहिलेली डिस्क जिने लिहिली ती ड्राइव्ह बहुतेक वेळा वाचते. म्हणून माळ्यावरचा जुना सीपीयू उतरवला, आतली धूळ झटकली, सुरू केला तर आतला सेल संपल्यामुळे घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलेलं, एफ वन दाबून पुढे गेलो. सीडी टाकली. सगळी गाणी समोर! सेशन बंद करायच्या भानगडीत पडलो नाही, कारण ते करायचं म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या डिस्कवर परत लिहायचं, सरळ पेनड्राइव्हवर उतरवली.

दुसरी सीडी गेली. ती कुठेच लागली नाही. उजेडाकडे धरली तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात, अन् अक्षरांच्या रेघा आरपार दिसतात. सीडीत चकाकणारा थर वरच्या बाजूला, नावाच्या अगदी खाली, फक्त वार्निशच्या आड असते, डीव्हीडीसारखा दोन प्लास्टिकच्या मधात नसते. म्हणून सीडी वरून जास्त नाजूक. आबाजींनी त्यावर बॉलपेनने दाबून गायकांची नावं लिहिली होती, अन् मग ती पत्र्याखालच्या खिडकीत कितीतरी उन्हाळे राहिली, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नावं मी वहीत उतरवून घेतली. अकरा नावं आहेत.

पंचमीच्या आदल्या दिवशी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून आबाजींना बसवलं. माय, काकू, शेजारचे दोघं म्हातारे, सगळे आले. मला वाटलं आबाजी स्वतःकडे पाहतील, पण त्यांचं लक्ष फक्त खंजरीच्या आवाजाकडे होतं. दुसऱ्याच भजनाला हात वर करून म्हणाले, "थांबव. आयक. उतरली आहे ना? त्या दिवशी पाणी येऊन गेलतं, चमडं ओलं झालं. आता पाह्य, म्या उठून जातो." अन् खरंच, पडद्यावरचे आबाजी उठले, कॅमेऱ्याबाहेर गेले, अन् पुढच्या भजनाला आले तेव्हा खंजरीचा आवाज टणटणीत. "जाळावर शेकून आणली," म्हणाले. पंधरा वर्षांनंतरही त्यांना ते लक्षात होतं.

शेवटच्या भजनात चित्र अडकलं, चौकोन चौकोन झाले अन् बंद. "पुढचं?" आबाजींनी विचारलं. म्हटलं ते नाही निघालं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या शूटिंगवाल्या पोराकडं असन पाह्य. तो टेपीवर घेत होता." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. २००९ ला शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर व्हायचं अन् त्यावरून डीव्हीडी बनवायचे, त्याने कॅसेट परत वापरली नसेल तर ती चार मिनिटं अजून असतील. त्याचा मोबाईल नंबर बदलला आहे, पण घर माहीत आहे. सोमवारी कापूस मोजायला जायचं आहेच तिवस्याला, तेव्हा आबाजींना मागे बसवून जातो.