फॅन्टास्टिक फोरवर तपासलेली शीट आता एक्स-मेनला लावताना

आमच्या आकडेमोडीच्या शीटची नवी आवृत्ती चालू झाली आहे. तिचं काम एकच. सुपरहिरोंची जुनी टीम नव्या नटसंचात पहिल्यापासून सुरू केली (म्हणजे रीबूट), तर ती तिकीटबारीवर कुठवर जाईल, हे आधी ढोबळपणे आणि ओपनिंगच्या आठवड्यात नेमकेपणाने काढता यावं. चाचणीला फॅन्टास्टिक फोर, म्हणजे मार्व्हलच्या चार सुपरहिरोंची टीम, घेतली आहे. या चौघांचा संसार २००५ मध्ये मांडला, २०१५ मध्ये मोडून परत मांडला आणि २०२५ मध्ये 'फर्स्ट स्टेप्स'ने तिसऱ्यांदा मांडला. एकाच टीमचे इतके रीबूट सहसा मिळत नाहीत. (१९९४ चा रॉजर कॉर्मनच्या कंपनीतला चित्रपट थिएटरमध्ये लागलाच नाही, म्हणून त्याची ओळ नाही.) चाचणीनंतरचं गिऱ्हाईक एक्स-मेन, म्हणजे मार्व्हलचीच म्युटंट सुपरहिरोंची टीम, जिचा रीबूट मार्व्हलने जेक श्रायर या दिग्दर्शकाकडे दिला आहे.

सगळे आकडे कोटी डॉलरमध्ये आहेत. सिनेधंद्याच्या (ट्रेडच्या) बातम्यांतल्या मिलियनला दहाने भागा. 'घरचा' म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून. 'ओपनिंग' म्हणजे तिथल्या पहिल्या वीकेंडची, शुक्रवार ते रविवारची कमाई.

दोन चित्रपट मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. 'द सुसाइड स्क्वॉड' (२०२१) थिएटरसोबत त्याच दिवशी एचबीओ मॅक्सवर आला आणि 'न्यू म्युटंट्स' (२०२०) ऐन कोविडमध्ये. हे दोन ठेवले की सरासरी खाली येते आणि तिचा अर्थ काहीच लागत नाही.

तिकिटांचा कॉलम

सगळ्यात आधी डॉलर बाजूला ठेवून तिकिटं मोजायची. २००५ मध्ये अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर ६.४१ डॉलर होता. तेव्हा फॅन्टास्टिक फोरचं ओपनिंग ५.६१ कोटी, म्हणजे साधारण ८७ लाख तिकिटं. २०१५ मध्ये दर ८.४३ आणि ओपनिंग २.५७, म्हणजे ३० लाख. 'फर्स्ट स्टेप्स'चं ओपनिंग ११.७६ कोटी. दर १२ डॉलर धरला तर ९८ लाख.

ओपनिंग बघून वाटतं की टीमने कात टाकली. मग घरचा एकूण गल्ला बघा. २००५ मध्ये १५.४७ कोटी, म्हणजे २.४१ कोटी तिकिटं. २०२५ मध्ये २७.४३ कोटी, म्हणजे त्याच १२ डॉलरच्या हिशोबाने २.२९ कोटी तिकिटं. वीस वर्षं गेली, मार्व्हल स्टुडिओजचा शिक्का बसला, आयमॅक्सचे पडदे वाढले, तरी माणसं तेवढीच आली. फक्त पहिल्या तीन दिवसांत जास्त आली. रीबूटने टीम 'मोठी केली' असं म्हणणाऱ्याला हा कॉलम दाखवावा.

इथे घसरायची जागा एकच आहे: दर. आयमॅक्स आणि इतर महाग पडद्यांचा वाटा ओपनिंगला जास्त असतो, म्हणून ओपनिंगचा सरासरी दर पूर्ण रनच्या दरापेक्षा वर असतो. एकच दर दोन्हीकडे लावला की ओपनिंगची तिकिटं थोडी फुगतात. २०१९ चा दर ९.१६ डॉलर होता. आताचा दर आम्ही गृहीत धरलाय, म्हणून शीटमध्ये तो वेगळ्या सेलमध्ये ठेवलाय. सूत्रात कोंबू नका, नाहीतर दर बदलताना प्रत्येक ओळ उघडावी लागेल.

प्रीव्ह्यू ते ओपनिंग

गुरुवारच्या प्रीव्ह्यूचा, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीच्या खेळांचा आकडा अमेरिकेत शुक्रवारी सकाळी येतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी संध्याकाळी. तो शुक्रवारच्या आकड्यात आधीच मिसळलेला असतो. पुन्हा मिळवू नका. नवखे सगळे इथेच ठेचकाळतात.

ओपनिंग भागिले प्रीव्ह्यू, हा पट असा निघतो:

थंडरबोल्ट्स: १.१८ ते ७.४३, पट ६.३
सुपरमॅन (२०२५): २.२५ ते १२.५, पट ५.६
डेडपूल अँड वूल्व्हरिन: ३.८५ ते २१.१४, पट ५.५
फर्स्ट स्टेप्स: २.४४ ते ११.७६, पट ४.८

(शीटमधून उतरवताना दशांशचिन्ह सरकतं, म्हणून त्या कॉलमला दोन दशांश ठरवून द्या.)

पट खाली जातो तेव्हा कट्टर चाहते पहिल्याच रात्री येऊन गेलेले असतात आणि मागे रांग नसते. पाचाच्या खाली गेला की शीट ती ओळ लाल करते. पण उलट अर्थ काढू नका. 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चा पट ७.४ होता आणि पुढे त्याची वाताहत झाली. तिथे शुक्रवारी व्हॅलेंटाइन डे होता आणि सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, त्यामुळे वीकेंड सुट्टीने फुगला. सुट्टीच्या वीकेंडला हा पट वापरूच नये.

रविवारचा आकडा हा स्टुडिओचा अंदाज असतो. त्यात रविवारचा धंदा पूर्ण झालेला नसतो. सुपरमॅनचा रविवारचा आकडा १२.२ होता, प्रत्यक्षात १२.५ निघाला. 'फर्स्ट स्टेप्स'चा ११.८ होता, तो ११.७६ वर आला. खरा आकडा अमेरिकेतल्या सोमवारी येतो, आपल्याकडे तो मंगळवारी सकाळी बघावा. अंदाज वर सरकला की माउथ पब्लिसिटी बरी, खाली सरकला की जपून. फरक लहान असला तरी दिशा कामाची.

दुसरा वीकेंड

सिनेमास्कोअर हा कॉलम आम्ही जवळजवळ रिकामा सोडलाय. प्रेक्षकांचं हे ग्रेडमधलं मत ओपनिंगच्या रात्री थिएटरबाहेर पडणाऱ्यांकडून घेतात, आणि त्या रात्री चाहतेच जास्त. सुपरमॅन, थंडरबोल्ट्स आणि 'फर्स्ट स्टेप्स' या तिघांनाही ए मायनस, पण घरचा गल्ला ओपनिंगच्या अनुक्रमे २.८३, २.५६ आणि २.३३ पट. एकाच ग्रेडमध्ये अर्ध्या पटाचा फरक. बी मायनस किंवा त्याखाली आला तरच हा कॉलम बोलतो: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड बी मायनस आणि २.२६ पट, डार्क फिनिक्स बी मायनस आणि २.०१ पट, २०१५ चा फॅन्टास्टिक फोर सी मायनस आणि २.१८ पट.

त्यापेक्षा दुसऱ्या वीकेंडचं सूत्र भरवशाचं आहे:

घरचा एकूण = ओपनिंग + (दुसरा वीकेंड × क)

'क' अमेरिकेतल्या उन्हाळी सुट्टीत ४ धरा, तिथल्या शाळा चालू असताना ३.५. पडताळून बघू. 'फर्स्ट स्टेप्स' दुसऱ्या वीकेंडला ६६ ते ६७ टक्के पडून सुमारे ३.९ वर आला. ११.७६ अधिक १५.६, म्हणजे २७.४. प्रत्यक्षात २७.४३. सुपरमॅनचा दुसरा वीकेंड सुमारे ५.८५. १२.५ अधिक २३.४, म्हणजे ३५.९, प्रत्यक्षात ३५.४. थंडरबोल्ट्स मे महिन्यातला, म्हणजे तिथल्या शाळा चालू असतानाचा, दुसरा वीकेंड सुमारे ३.३, ३.५ ने गुणून ११.५, एकूण १८.९, प्रत्यक्षात १९. दहाव्या दिवशी हे हाती येतं. त्यानंतर ट्रॅकिंगच्या, म्हणजे कमाईच्या अंदाजांच्या बातम्या वाचायची गरज उरत नाही, वाचायच्या त्या गंमत म्हणून.

'क' बदलतो तो सोमवार ते गुरुवारच्या धंद्यामुळे. जुलैत मुलं घरी असतात, त्यामुळे मधले वार वीकेंडइतके नाही तरी बऱ्यापैकी भरतात. 'फर्स्ट स्टेप्स' २५ जुलैला आला, सुपरमॅन ११ जुलैला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शाळा उघडतात. शिवाय १ ऑगस्टला 'द बॅड गाइज २' आणि 'द नेकेड गन', ८ ऑगस्टला 'वेपन्स' आणि 'फ्रीकियर फ्रायडे'. दोन आठवड्यांत चार चित्रपट, मग महाग पडदे हातचे जाणारच. डिसेंबरच्या चित्रपटाला हे सूत्र लावू नका. नाताळच्या आठवड्यात रोजच रविवार असतो आणि 'क' कुठल्या कुठे जातो.

परदेशाचा वाटा

आता खरा घोळ. 'फर्स्ट स्टेप्स'ची जगभरची कमाई ५२.२ कोटी, त्यात घरचा वाटा ५३ टक्के. सुपरमॅनमध्ये ५७ टक्के, थंडरबोल्ट्समध्ये ५० टक्के. हे बघून बरेच जण एक्स-मेनच्या ओळीतही ५० ते ५५ टाकतात. तसं करू नये, कारण एक्स-मेनचा जुना स्वभाव वेगळा आहे. २००० चा पहिला ५३ टक्के होता, पण २०११ चा 'फर्स्ट क्लास' सुमारे ४१, २०१४ चा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' ३१, 'अपोकॅलिप्स' २९ आणि 'डार्क फिनिक्स' २६ टक्के. 'फर्स्ट क्लास'पासून हे म्युटंट लोक परदेशात जास्त चालले.

मात्र २६ ते ३१ हे आकडेही जसेच्या तसे घेता येत नाहीत. त्यात चीन आहे. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'ला एकट्या चीनमधून ११ कोटींच्या वर मिळाले, 'अपोकॅलिप्स'ला सुमारे १२, 'डार्क फिनिक्स'ला सुमारे ६. चीनमध्ये सुपरहिरोंना तो धंदा आता मिळत नाही. म्हणून शीटमध्ये चीनचा कॉलम वेगळा काढला आणि उरलेल्या जगावर वाटा पुन्हा काढला: अनुक्रमे ३७, ३७ आणि ३४. विखुरलेले आकडे एका ओळीत आले. चीन वगळून या तीन एक्स-मेन चित्रपटांचा घरचा वाटा ३४ ते ३७ टक्के, ही या आवृत्तीतली सगळ्यात कामाची नोंद.

पण ३७ टक्क्यांवरही थांबता येत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत हॉलीवूडच्या सुपरहिरोंचा परदेशातला ओघ एकूणच आटला आहे, म्हणून मधला आकडा ४२ ठेवलाय. हा निर्णय आहे, गणित नाही. पटत नसेल तर सेल बदला.

भारताचा कॉलम

आपल्याकडे हॉलीवूड चित्रपटाचा आकडा बहुतेक नेट छापतात, म्हणजे जीएसटी वजा करून. जगभरच्या बेरजेत ग्रॉस लागतो. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के, म्हणून नेटला १.१८ ने गुणायचं, मग डॉलरच्या दराने भागायचं. समजा नेट ३० कोटी रुपये आले. ग्रॉस ३५.४, आणि ८६ च्या दराने ०.४१ कोटी डॉलर. 'फर्स्ट स्टेप्स'च्या ५२ कोटींत हे टक्काभरही नाही. २५ जुलै २०२५ ला तर इथे 'सैयारा' दुसऱ्या आठवड्यात जोरात होता आणि 'महावतार नरसिंह' त्याच दिवशी लागला होता. कॉलम हौसेपुरता ठेवा, त्यावर रात्र जागवू नका.

खर्च वसूल

'बजेटच्या अडीच पट' हा नियम घरचा वाटा निम्म्याच्या आसपास असेल तोवर चालतो. थिएटरवाल्यांचा हिस्सा गेल्यावर स्टुडिओला घरच्या गल्ल्यातून ढोबळ मानाने ५० ते ५५ टक्के, परदेशातून ४० आणि चीनमधून २५ टक्के मिळतात. 'फर्स्ट स्टेप्स'ला हे लावलं तर १५ अधिक ९.९, म्हणजे सुमारे २५ कोटी. बजेट २० च्या वर, जाहिरात वेगळी. थिएटरमधून बजेट निघालं, जाहिरात पूर्ण निघाली नाही. ती पुढे डिजिटल आणि स्ट्रीमिंगवर. एक्स-मेनसारख्या परदेशाकडे झुकलेल्या चित्रपटाला २.५ ऐवजी २.७ धरा, कारण परदेशातल्या डॉलरमागे हातात कमी पडतं.

एक्स-मेनची ओळ

ओपनिंगची तिकिटं जुन्या ओळींवरून: २००० मध्ये १.०१ कोटी, 'एक्स२' १.४२, 'लास्ट स्टँड' १.५७, 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' १.११, 'अपोकॅलिप्स' ०.७६. नव्या चित्रपटासाठी १.० ते १.४ ठेवलेत, मधला १.२. 'लास्ट स्टँड'चा १.५७ घेतला नाही. १८ डिसेंबर २०२६ ही तारीख असलेल्या 'अव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये पॅट्रिक स्टुअर्ट, इयान मॅकेलन वगैरे जुनी मंडळी आहेत. जुन्या आठवणींचं भांडवल तिथेच खर्ची पडेल आणि रीबूटच्या वाट्याला नवे चेहरेच येतील.

१३ डॉलर दराने १.२ कोटी तिकिटं म्हणजे १५.६ चं ओपनिंग. २.४५ पटीने घरचा ३८.२. ४२ टक्क्यांनी जगभरचा ९१. खालच्या टोकाला १३, २.३ पट आणि ४८ टक्के धरले तर ६२. वरच्या टोकाला १८.२, २.६ पट आणि ३८ टक्के धरले तर १२४. इतकी मोठी दरी पाहून हसू येईल, पण तिच्या आतली विभागणी बघा. तिकिटं आणि पट मध्यावर ठेवून फक्त घरचा वाटा ४८ वरून ३८ वर नेला, तर ८० चे १०० होतात. ट्रेलर बघून कुणीही ओपनिंगवर वाद घालेल. हे वीस कोटी मात्र लंडन, मेक्सिको सिटी आणि सोलच्या तिकीटबारीवर ठरतील, म्हणून या तीन देशांच्या पहिल्या वीकेंडसाठी वेगळे सेल तयार ठेवले आहेत. बजेटचा सेल अजून रिकामा आहे. तो भरेपर्यंत 'हिट' आणि 'फ्लॉप'चा रंग शीट दाखवणार नाही, तसं सूत्रच घातलंय.