तुम्ही विचारलंत म्हणून: थोरलाच खर्ऱ्याला का लागला?

‘एकाच घरात वाढले, एकाच ताटात जेवले, मग थोरला खर्ऱ्याला लागला नि धाकटा नाही, असं कसं?’ खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत मायबाप हे हमखास विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात: संगत.

संगतीचा वाटा आहेच. पण घर एक असलं तरी दोघांच्या वाट्याला तेच घर येत नाही. थोरला बारा-तेराचा असताना सोयाबीन हातचं जातं, कर्जावरून रोज भांडणं होतात, कापूस वेचणीत त्याची शाळा बुडते. तो मागे पडतो आणि वर्गात कोणी त्याला विचारत नाही. पानठेल्यावर मात्र नावानं हाक मारतात. त्यात ‘जा, बाबासाठी खर्रा आण’ हे कामही त्याचंच. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पन्नी रोज हातात आली, की चव घ्यायला कितीसा वेळ? १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. पण बापानंच धाडलं म्हटल्यावर ठेलेवाला वय विचारत नाही.

यातली एखादी गोष्ट पोरं सहसा पेलतात. तीन-चार एकदम आल्या की तोल जातो. धाकट्याला बहुतेकदा सावरतं ते शाळेत टिकून राहणं, आणि त्याचं रोजचं ऐकून घेणारं एक मोठं माणूस. मामा, आजी, खेळाचे सर, कोणीही चालतं.

म्हणून आधी पोराला खर्रा आणायला धाडणं बंद करा. मग वावरात जाता-येता, चारचौघांत नाही, विचारा: झोप लागते का? ‘खातोस का?’ हे नंतर. मारलंत तर तो पन्नी लपवायला शिकेल, एवढंच.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड फार होते, दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तिला उद्धटपणा समजू नका. तलफ काही मिनिटांचीच असते. पाणी, बडीशेप, एक चक्कर. नुसती सुपारी देऊ नका, तिनंही कॅन्सर होतो. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यातल्या, वयात येणाऱ्या पोरापोरींसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशक पोरांशी एकट्यानं बोलतात.

आणि ‘मी नसलो तर बरं’ असं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, कुलपात ठेवा. किल्ली खुंटीला नको, तुमच्या कमरेला असू द्या.