लोडवर खोकणारं इंजिन

दिवाळीच्या तोंडावर मालवणजवळच्या देवबागहून होडीवाल्याचा फोन आला की मी पहिलं विचारतो, इंजिन बंद आहे की खोकतंय? बंद पडलेलं परवडतं, ते निदान एकाच जागी बंद असतं. खोकणारं इंजिन किनाऱ्यावर गुण्यागोविंदानं चालतं आणि पाण्यात गेल्यावर रंग दाखवतं.

ही होडी बनाना राइड ओढणारी. मागे 75 एचपीचं, जुन्या पठडीतलं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. मालक म्हणाले, "मेस्त्री, रिकामी वाऱ्यासारी चलता. बनाना लावलो की खोकूक लागता. पेट्रोलात पाणी इला असतला."

संशय अगदीच चुकीचा नव्हता. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली तर तळाशी पाणी बसतं. म्हणून माझ्या आधी कुणीतरी कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केले होते, प्लगही नवे टाकले होते. तरी खोकला जागच्या जागी.

मी कार्बोरेटरला हात लावला नाही. माझी छोटी टाकी, माझा पाइप, माझं पेट्रोल जोडलं आणि कार्ली खाडीत निघालो. पर्यटक अजून नाश्त्यावर होते, पाणी मोकळं होतं. बनाना लावला, लिव्हर पुढे केली. साधारण साडेतीन हजार आरपीएमला इंजिन फटफटलं. पोऱ्याला पाइपावरचा रबरी बल्ब, म्हणजे पेट्रोल पुढे ढकलायचा हातपंप, दाबत राहायला सांगितलं. फ्युएल पंप कमी पडत असता तर एवढ्यानं इंजिन सावरलं असतं. काही फरक नाही. तेव्हा टाकी, फिल्टर, पंप सगळेच सुटले.

मग खोकत असतानाच किल कॉर्ड, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करायची दोरी, ओढली आणि जागेवरच प्लग काढले. हे महत्त्वाचं. हळू करून, आयडलवर आणून बंद केलं तर प्लग खोटं बोलतात. वरचा आणि खालचा तपकिरी, कोरडे. मधला काळा आणि पेट्रोल-ऑइलनं ओलाचिंब. जीव भांड्यात पडला, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडून मिसफायर असेल तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. इथे पेट्रोल पोचत होतं, ठिणगी पोचत नव्हती.

दर ठिणगीला चमकणाऱ्या टायमिंग लाइटची क्लिप मधल्या लीडवर, म्हणजे प्लगच्या वायरीवर, लावली. कव्हर काढलेल्या इंजिनवर, फिरत्या फ्लायव्हीलशेजारी वाकून बसायचं म्हणजे शर्ट खोचलेला हवा आणि गळ्यात काही नको. चालत्या इंजिनवर प्लगचा लीड उपटून बघणारे खूप भेटतात. सीडीआय, म्हणजे ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळायचा असेल तर जरूर उपटावा. टू-स्ट्रोकमध्ये 3,600 आरपीएमला एकेक सिलिंडर सेकंदाला 60 वेळा पेटतो, त्यामुळे लाइट सलग दिसतो. तो दिसला, आणि लिव्हर अर्ध्याच्या पुढे गेली की तुटायला लागला. मधली आणि खालची इग्निशन कॉइल अदलाबदल केली. दोष मधल्याच सिलिंडरला राहिला. म्हणजे कॉइलही सुटली.

तेवढ्यात बनाना सोडून मी रिकामी होडी फुल दिली. मालक ओरडले, "हळू, हळू!" रिकामीसुद्धा खोकली! लोडचा काही संबंधच नव्हता. रिकाम्या होडीला खाडीत कुणी अर्ध्याच्या पुढे थ्रॉटल देत नाही, इतकंच. आणि किनाऱ्यावर पाण्याच्या ड्रममध्ये चालवून बघताना तर नाहीच नाही.

थ्रॉटल उघडताना या इंजिनात फ्लायव्हीलखालची पल्सर कॉइलची, म्हणजे ठिणगी कधी पाडायची ते सांगणाऱ्या कॉइलची, प्लेटही फिरते, टायमिंग पुढे नेण्यासाठी. तिच्या वायरी दर वेळी तिच्याबरोबर वाकतात. इंजिन बंद करून मधल्या पल्सरच्या वायरीला मीटर लावला. 300 ओहमच्या आसपास, स्थिर. पोऱ्याला म्हटलं, लिव्हर सावकाश ओढ. अर्ध्यापर्यंत आकडा हलला नाही. जरा पुढे गेली आणि मीटरवर ओएल, म्हणजे जोड तुटलेला. मागे घेतली, परत 300. वायरीचं वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. मोबाइलच्या चार्जरची वायर मानेशी तुटते, तशीच. बोटांनी चिमटून पाहिल्यावर त्या जागी ती लिबलिबीत लागली.

फ्लायव्हील पुलर लावून काढलं. नरम सिलिकॉन वायर जोडली, वाकायला पुरेशी ढील ठेवली. सोल्डरचा जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब घेतला. सोल्डर कडक असतं, वाकणाऱ्या जागी ते परत तुटणारच. बाकीच्या दोन वायरीही त्याच वयाच्या, म्हणून त्याही बदलल्या. फ्लायव्हील बसवून टायमिंग तपासलं. मालकांना पल्सरची नवी प्लेट मागवून ठेवायला सांगितलं. "आता चलता मा? मगे कित्याक?" म्हणाले.

वायरीपेक्षा जास्त वेळ गेला तो कार्बोरेटरांत. साफ करणाऱ्यानं तिन्हींचे स्क्रू तीन तऱ्हेचे फिरवून ठेवले होते आणि तिन्ही एकदम उघडणारं लिंकेज जुळवलंच नव्हतं. ते एकसारखं होईपर्यंत बनानावाल्यांची रांग लागली होती, आणि मालक लांबूनच हात करून विचारत होते, झालं का.