कापसाचं काळं बोंड

यंदा आमच्या लॅबमध्ये काढलेला एक होलोग्राम (लेसरच्या प्रकाशात काचेच्या प्लेटवर नोंदवलेलं त्रिमितीय चित्र) विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ‘फसलेला प्रयोग’ म्हणून बाजूला सारला. मला ते अजून पटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

भुसावळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्सची लॅब सांभाळतो. नवा हेलियम-निऑन लेसर आमच्या ग्रँटमध्ये बसत नाही. माझा आला तो कुठल्याशा कॉलेजच्या डेड स्टॉकमधून. निर्लेखन झालं, भंगाराच्या भावात गेला, इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करणाऱ्या एकाने उचलला, त्याच्याकडून मी घेतला. यंत्र चालू आहे की नाही हे न बघता रजिस्टरवरचं वय बघून ते मोडीत काढतात, याची चीड येते. पण ‘वापरलेलाच नाही’ म्हणून जुना लेसर डोळे मिटून घेऊ नये. हेलियम काचेतूनही हळूहळू निसटतो, त्यामुळे कपाटात पडून राहिलेली नळीही मरते. घेताना मी तो अर्धा तास चालू ठेवला, झोत लेन्सने भिंतीवर पसरवला. ठिपका गोल, मध्ये भोक नाही, फडफड नाही. पॉवर सप्लाय मात्र उघडू नका. आत हजारावर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर झटका देतो.

खरी लढाई हादऱ्यांशी. या लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. एक्स्पोजर चालू असताना प्लेट आणि वस्तू यांच्यात तिच्या दहाव्या हिश्श्याइतकीही हालचाल परवडत नाही, आणि आमचं गाव जंक्शनचं. सॅन फ्रान्सिस्कोत होलोग्राम काढणाऱ्या लॉइड क्रॉस आणि जेरी पेथिक यांनी महागड्या टेबलाऐवजी वाळूची पेटी वापरली होती, तीच वाट आम्ही धरली. खाली स्कूटरच्या ट्यूबा, अर्धवट हवा भरलेल्या. वर प्लायची पेटी, तिच्यात धुतलेली, चाळलेली वाळू. तिच्यात आरसे रोवून आधी मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर लावला, म्हणजे झोत दुभंगून पुन्हा एकत्र आणणारी आणि भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे पाडणारी मांडणी. मालगाडी निघाली की भिंतीवरचे पट्टे नाहीसे व्हायचे, ती लांब गेली की पुन्हा उमटायचे. मध्ये मिळेल ती शांतता आपली. त्या पट्ट्यांवर नजर ठेवून मुलं वेळ साधायला शिकली, याचा मला अभिमान आहे.

मांडणी सोव्हिएत शास्त्रज्ञ डेनिस्युकची, १९६२ मधली: लेसर, लेन्स, प्लेट आणि प्लेटच्या अगदी मागे वस्तू. अकरावीतली पारोळ्याकडची एक मुलगी घरच्या शेतातलं उमललेलं बोंड घेऊन आली. टरफलं आणि देठ अॅरल्डाइटने दगडाला पक्के चिकटवले. मंद हिरव्या उजेडात प्लेट ओल्या ओठाला लावून पाहिली. चिकटते ती इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची बाजू, ती बोंडाकडे. पंखे बंद, दार बंद. झोतासमोरचा काळा पुठ्ठा वाळूतून उचलून तसाच आडवा धरला, हादरा विरू दिला, मग बाजूला केला.

डेव्हलपर, ब्लीच झालं, प्लेट वाळली. टॉर्च धरला. इमल्शन आकसतं, म्हणून लाल झोताने काढलेलं चित्र पिवळट हिरवं आलं. टरफलांच्या शिरासुद्धा मोजता येत होत्या. आणि जिथे कापूस पांढराशुभ्र हवा, तिथे त्याच्याच आकाराची काळी पोकळी.

“सर, कापूस कोठे गया?”

कापूस होता तिथेच, पण स्थिर नव्हता. तंतू सरकत राहिले, त्यांच्या प्रकाशाची नोंद पुसली गेली. टरफलं ताठ होती म्हणून उमटली. गाडीचा हादरा असता तर टरफलंही गेली असती. डोळ्याला न दिसणारी हालचाल या प्लेटने अचूक वेगळी काढली, ती फसली कशी?

परीक्षकांनी ती ट्यूबलाइटखाली बघितली. अशा पसरट उजेडात कुठलाही चांगला होलोग्राम पुसटच दिसतो. मुलीने टॉर्च पुढे केला, तर “कापूसच नाही यात,” म्हणून पुढे गेले. तिला एक प्रश्न तरी विचारायला हवा होता.

माझ्या मते तंतू हवेने हलले. ती म्हणते, कापूस दमटपणा शोषतो आणि सोडतो, तो आपोआपच सरकला असेल. पुढच्या थंडीत बोंडावर काचेची बरणी उपडी घालून प्लेट काढायचं ठरलंय. तरीही काळाच आला, तर तिचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त.