ही खोली नव्हे

परवा पालिकेचा माणूस आला आणि आठ महिने मी जिथं झोपतोय त्या खोलीला ‘ही खोली नव्हे’ असं सांगून गेला.

आम्ही पाच जण एका घरात भाड्यानं राहतो, पाच घरचे पाच. इंग्लंडमध्ये असलं घर भाड्यानं द्यायला परवाना लागतो. माझी खोली सगळ्यात वरची, उतरत्या छपराखालची, म्हणून स्वस्त. त्यानं खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, भिंतीवर लाल ठिपका पडला, आकडा आला. मग छप्पर जिथं दीड मीटरच्या खाली येतं तेवढी जागा वजा केली. उरले ५.९ चौरस मीटर. १ ऑक्टोबर २०१८ पासून इथं अशा घरात एका मोठ्या माणसाला झोपायला किमान ६.५१ चौरस मीटर लागतात, दोघांना १०.२२. दहा वर्षांखालच्या पोराला ४.६४. दशांशाच्या पुढचे दोन आकडे बघा! सोनार तरी एवढं बघतो का?

रात्री पडल्या पडल्या मी सोलापूरच्या साखर पेठेतली आमची खोली मोजली. १० बाय १२ फूट, म्हणजे ११ चौरस मीटरच्या जरा वर. इथल्या हिशोबानं दोन माणसं. आम्ही सात होतो. मधे दोरीवर चादर टाकली की दोन खोल्या व्हायच्या, काढली की एक. काकांची रात्रपाळी असली की त्यांच्या अंथरुणावर मी. उन्हाळ्यात तर निम्मं घर माळवदावर. कुणी यंत्र घेऊन आलं असतं तर आईनं आधी त्याला चहा दिला असता आणि मग विचारलं असतं, ‘मोजून काय करणार हाय तुम्ही?’

राग आला होता, खरं सांगतो. खोली नव्हे म्हणजे काय? आम्ही काय खोक्यात वाढलो?

गंमत म्हणजे खोक्याचा शब्दही यांच्याकडं आहे, बॉक्स रूम. पेट्या-बोचकी टाकायची जागा. रूम या शब्दाला शेपट्या किती! लिव्हिंग रूम, सिटिंग रूम, फ्रंट रूम, आणि बोलणारा जरा वरच्या थरातला असला तर ड्रॉइंग रूम. त्याचा चित्रकलेशी संबंध नाही. जेवण झाल्यावर उठून ‘विथड्रॉ’ व्हायची ती खोली, पुढचा ‘विथ’ गळाला. हॉलची तर मी फजिती करून घेतली. ‘आमच्याकडं पाहुणे हॉलमध्ये झोपतात’ म्हणालो, तर घरातला पोरगा बुटांच्या रॅककडं बघायला लागला. इथं हॉल म्हणजे दारातला बोळ.

आणि साहेबानं वर्षाच्या आढाव्यात ‘रूम फॉर इम्प्रूव्हमेंट’ म्हटलं होतं, तेव्हा कळलं की रूम म्हणजे मुळात नुसती जागा, वाव. जुन्या इंग्रजीत तेवढाच अर्थ होता, जर्मनांचा राउम त्याचाच भाऊ. चार भिंती मागाहून आल्या. म्हणजे तो पालिकेचा माणूस शब्दाला धरूनच बोलत होता, वाव नाही तर रूम नाही. आपली खोली मात्र ‘खोल’ला चिकटून. विहिरीचीही खोली असते. लांबी-रुंदी कुणी विचारत नाही.

बाकी आपल्याकडं शब्द कमी होते असं नाही. मंगळवेढ्याला आजोळी सोपा, माजघर, देवघर, न्हाणी. ज्वारीला बळद, अंगणात जमिनीखाली पेव. ज्वारीला खोली होती, माणसं मिळेल तिथं. आणि रूम म्हणजे पोरांनी पुण्यात भाड्यानं घेतलेली. ‘रूमवर ये’ म्हणतो आपण, ‘खोलीवर ये’ म्हणत नाही. खोली घरच्यांची. जागा मात्र एष्टीतली, खिडकीतून रुमाल टाकून धरलेली.

दोन दिवसांनी राग उतरला. पाच-पाच, सहा-सहा परक्या माणसांना कोंबून भाडं खाणारे मालक इथंही आहेत, नियम त्यांच्यासाठी. एका माणसाला निदान किती जागा पाहिजे हे कुणीतरी बसून ठरवलं, आणि ते मोजायला माणूसही पाठवला. आमच्यासाठी कुणी ठरवलं नव्हतं. दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि आई अजून त्याच १० बाय १२ मध्ये आहेत. मी निघालो तेव्हा एक अंथरूण कमी झालं, हे काय कमी आहे? असं मी म्हणतो. दादा काही म्हणत नाही.

मालकानं मला खालची खोली दिली. मोठी, खिडकी रस्त्यावर, भाडं महिन्याला ९० पौंड जास्त. वरच्या खोलीत आता दोन सायकली आणि माझी रिकामी बॅग.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला नवी खोली फिरवून दाखवली. पलंगावर चादर सोलापूरचीच, ती तिनं आधी ओळखली.

‘लई मोठी हाय की रं. भाडं वाढलं का?’

‘तेवढंच आहे,’ म्हणालो.