डीपडेल: टॉम फिनीचं गाव

मँचेस्टरहून प्रेस्टनला रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं. मँचेस्टर-लिव्हरपूल करणारे आपले फुटबॉलवेडे सहसा इथे उतरत नाहीत. उतरायला हवं. स्टेशनपासून डीपडेल मैदानापर्यंत मी चालतच गेलो. एकमेकींना चिकटलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगा, मधूनच कानावर पडणारी गुजराती, आणि मग एकदम स्टेडियम. प्रेस्टन नॉर्थ एंड हा इथला क्लब 1878 पासून इथेच फुटबॉल खेळतोय.

बाहेर कारंज्यात क्लबचा महान खेळाडू टॉम फिनी याचा पुतळा आहे. 1956 साली चेल्सीच्या मैदानावर पावसाने तळं साचलेलं असताना घेतलेल्या छायाचित्रावरून तो घडवला आहे. अंग तिरकं झुकलेलं, हात पसरलेले, आणि घसरत जाणाऱ्या पायांभोवती खऱ्या पाण्याचे फवारे. मी पुतळ्याभोवती सावकाश फिरलो. कुठूनही पाहा, हा माणूस पडत नाही!

फिनी याच गावचा, 1922 चा जन्म. वडिलांच्या आग्रहामुळे आधी प्लंबिंग शिकला आणि मोठा खेळाडू झाल्यावरही ते काम त्याने सोडलं नाही. ऐन उमेदीची वर्षं महायुद्धात गेली. लीगमधलं पदार्पण 1946 मध्ये, चोविसाव्या वर्षी. तरीही लीगमध्ये 433 सामने, 187 गोल आणि इंग्लंडसाठी 76 सामन्यांत 30 गोल. दोनदा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. लीगचं विजेतेपद मात्र कधीच नाही: 1953 मध्ये आर्सेनलइतकेच गुण मिळवूनही गोलसरासरीने (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) हुकलं. पुढच्याच वर्षी एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अंतिम लढत 3-2 अशी हातची गेली.

1952 मध्ये इटलीच्या पालेर्मोने त्याला दहा हजार पौंड रोख, महिना 130 पौंड पगार, बंगला आणि गाडी देऊ केली. इंग्लंडमध्ये तेव्हा पगारावर मर्यादा होती, आठवड्याला जेमतेम 14 पौंड. क्लबने साफ नकार दिला. खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात, त्यामुळे विषय संपला. फिनीच्या निष्ठेचं कौतुक सगळे करतात, मीही करतो. पण त्याला निवड करू दिली गेली नाही, हेही त्या कौतुकासोबत सांगितलं पाहिजे. तो 1960 मध्ये निवृत्त झाला आणि पगाराची मर्यादा उठली 1961 मध्ये. त्याच वर्षी प्रेस्टन पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या, विभागातून खाली घसरला, तो आजवर वर आलेला नाही.

आत खुर्च्यांच्या रंगांतून खेळाडूंचे चेहरे साकारले आहेत. एका स्टँडला बिल शँक्लीचं नाव आहे. लिव्हरपूलचा महान प्रशिक्षक होण्याआधी तो प्रेस्टनचा खेळाडू होता आणि 1938 चा एफए कप जिंकणाऱ्या संघात होता. दुसऱ्या स्टँडला गोलरक्षक अॅलन केलीचं नाव. क्लबसाठी लीगचे सर्वाधिक, 447 सामने त्याचे. कोवळा डेव्हिड बेकहॅमही 1995 मध्ये काही सामन्यांसाठी इथे उसना आला होता आणि पहिल्याच सामन्यात थेट कॉर्नरवरून गोल करून गेला.

आणखी एक बाजू 'अजिंक्य' संघाच्या नावाची. 1888-89 ची पहिलीवहिली लीग या संघाने 22 पैकी एकही सामना न हरता जिंकली. कपमध्ये तर एक गोलही खाल्ला नाही. जॉन गुडॉल, जिमी रॉस हे त्यातले मोहरे.

मला मात्र तिथे आठवत राहिला आर्थर व्हार्टन. आजच्या घानामधल्या अक्राला जन्मलेला हा गोलरक्षक 1886-87 मध्ये प्रेस्टनकडून कपच्या उपांत्य फेरीपर्यंत खेळला आणि अजिंक्य हंगामाआधीच निघून गेला. 100 यार्ड 10 सेकंदांत धावणारा विक्रमवीर, जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जाणारा माणूस. आयुष्याच्या शेवटी तो कोळशाच्या खाणीत राबला आणि 1930 मध्ये गेला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो थेट 1997 मध्ये. डीपडेलच्या दारात फिनीच्या शेजारी व्हार्टनचाही पुतळा उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं.