तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूरचं एफएम हिंदीत का बोलतं?

पुण्या-मुंबईचे पाहुणे गाडीत बसतात, रेडिओ सुरू होतो आणि वर्धा रोड संपायच्या आत हा प्रश्न येतो. मी इथल्या एफएम केंद्रांसाठी जाहिराती लिहितो हे ज्यांना ठाऊक आहे, ते तर हक्काने विचारतात, "उपराजधानी ना तुमची? मग रेडिओवर दिवसभर हिंदी कशी?" या प्रश्नातला राग मला रास्त वाटतो. पण ‘खासगी कंपन्या आल्या आणि मराठी गेली’ हे उत्तर बहुतेकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं, ते मला पटत नाही. गोष्ट बरीच जुनी आहे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, तेव्हा हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. जबलपूर-रायपूरकडची माणसं सरकारी कामाला इथेच यायची. प्रांत दोन भाषांचा, त्यामुळे केंद्रही दोन भाषांचं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानीचा मान गेला, पण माणसं कुठे जाणार? इतवारीतले मारवाडी आणि गुजराती व्यापारी, जरीपटक्यातले सिंधी, कामठीची उर्दू, छत्तीसगडहून पोटासाठी आलेली कुटुंबं, सगळी इथेच राहिली. बाजारात या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला हिंदीच सोयीची होती.

मग १ नोव्हेंबर १९६७. आकाशवाणीने विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. व्यापारी रेडिओत आपलं शहर देशात अगदी पहिल्या रांगेत होतं आणि हे नागपूरकरांनाही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. एफएमचा इतिहास विचारणाऱ्याला मी म्हणूनच आधी १९६७ सांगतो. तिथेच वाटणी झाली. मराठी बातम्या, शेतीचे कार्यक्रम, नाटकं, भावगीतं ही आकाशवाणीच्या मूळ केंद्रावर. सिनेमाची गाणी आणि त्यांच्यामधल्या जाहिराती विविध भारतीवर, हिंदीत. मराठी म्हणजे माहिती आणि हिंदी म्हणजे करमणूक, असा कान घडायला पुढची चाळीस वर्षं मिळाली.

खासगी एफएमच्या परवान्यांचा पहिला टप्पा देशभर अडखळला, कारण ठरावीक परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं आणि जाहिराती काही त्या वेगाने वाढत नव्हत्या. दुसऱ्या टप्प्यात, २००५ च्या धोरणाने, उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशेब आणला आणि मग नागपूरसारख्या शहरांत केंद्र चालवणं परवडू लागलं. ९८.३, ९४.३, ९३.५ हे आकडे रिक्षावाल्यांच्याही तोंडी झाले. केंद्रं नवी होती, पण ऐकणारा कान जुना. त्यांनी तयार असलेली सवय उचलली.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. एक म्हणजे बातम्यांची बंदी. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. महापालिकेत काय झालं, अधिवेशनात विदर्भाच्या वाट्याला काय आलं, हे नागपूरकर मराठीतच बोलतो आणि नेमकं तेच बोलायला मनाई. उरतं काय, तर गाणी, सिनेमा, ट्रॅफिक आणि हवामान. दुसरी गोष्ट पैशाची. मोठ्या ब्रँडचा स्पॉट, म्हणजे रेडिओवरची छोटी जाहिरात, मुंबईच्या एजन्सीकडून येतो आणि तोच नागपूर, रायपूर, जबलपूरला वाजतो. जुन्या मध्य प्रांताचा नकाशा मीडिया प्लॅनमध्ये अजून शाबूत आहे! तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीला आपला कार्यक्रम अनेक शहरांत एकदम लावायची मोकळीक मिळाली. तेव्हापासून रात्रीचे तास तर नागपूरचे राहिलेच नाहीत. माझी खरी तक्रार इथे आहे.

मराठी जिवंत आहे ती लोकल स्पॉटमध्ये. इतवारीतल्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात लिहायची होती. तीस सेकंदांत सत्तरेक शब्द बसतात. पत्ता, सवलत आणि ‘अटी लागू’ यातच निम्मे जातात. मालक मारवाडी. मी गल्ल्याजवळ बसलो होतो आणि ते गिऱ्हाइकाला सांगत होते, "ताई, हा रंग पाहा ना, तुमाले लय शोभन." मी म्हटलं, शेठजी, हेच वाक्य रेडिओवर घेऊ. ते म्हणाले, "नको हो, रेडिओवर हिंदीच चांगली वाटते." स्वतः दिवसभर ज्या भाषेत माल विकतात, ती त्यांना रेडिओच्या लायकीची वाटत नव्हती. शेवटी स्पॉट हिंदीत झाला आणि ते एक वाक्य मध्ये तसंच ठेवलं, त्यांच्याच आवाजात. पोळ्याच्या आधी तो वाजू लागला, आणि दुकानात येणाऱ्या बाया शेठजींना तेच वाक्य ऐकवायला लागल्या. दिवाळीला त्यांनी पूर्ण मराठी स्पॉट मागितला.

एवढ्याने केंद्राची भाषा बदलत नाही, हे मला कळतं. त्याला सकाळच्या वेळेत मराठी गाणी लावायची हिंमत प्रोग्रामिंगवाल्यांनी करायला हवी, आणि बातम्यांची बंदी उठायला हवी. माझ्या हातात कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर आहे. प्रत्येक दुकानदाराला मी आता आधी मराठी कॉपी वाचून दाखवतो, हिंदी मागितली तरच काढतो. सीताबर्डीच्या बाजारातले पुष्कळ जण ऐकतात. इतवारीत अजून वाद घालावा लागतो.